गच्चीवरच्या ३८ बॅगा आणि ४०३ची ओल

ओल पहिल्यांदा दिसली तेव्हा ताटलीएवढी होती. तिसऱ्या दिवशी परातीएवढी झाली आणि चौथ्या दिवशी ४०३ मधल्या ताई मोबाइलवर फोटो घेऊन माझ्या दारात उभ्या. "सेक्रेटरीसाहेब, वर शेती, खाली तळं. आता काय ते तुम्हीच बघा."

वर शेती होती हे खरं. मुलुंड पूर्वेतली आमची इमारत तळमजला अधिक चार मजल्यांची, १९८९ सालची, २० बिऱ्हाडांची. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा पाणी अडवणारा थर, त्यावर चायना मोझॅक, म्हणजे चिनी मातीच्या फरशीचे तुकडे. आदल्या दिवाळीनंतर २०२ मधल्या काकू आणि ३०१ मधले आप्पा यांनी तिथं कापडी ग्रो बॅगा, म्हणजे झाडं लावायच्या पिशव्या, मांडायला सुरुवात केली. कमिटीत मीच पहिला हो म्हणालो होतो. लेखी ठराव मात्र केला नाही, आणि तो आळस पुढं चांगलाच नडला. मार्चपर्यंत बॅगा ३८ झाल्या होत्या.

हे सविस्तर लिहायचं कारण एवढंच की आमचं प्रकरण ऐकून गल्लीतल्या दोन सोसायट्यांनी गच्चीवर बॅगा ठेवायला सरसकट बंदी घातली. माझी उभी नोकरी साइट सुपरव्हायझरची झाली. बॅगांमुळं छत गळतं, हे त्या बंदीमागचं कारणच माझ्या मते चुकीचं आहे.

बॅगा कोणत्या, माती कसली

बाजारात ग्रो बॅग या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एक हिरवी, विणलेल्या प्लास्टिकची, ताडपत्रीच्या जातीची. तिला भोकं पाडलेली असतात आणि पाणी तेवढ्यातूनच निघतं. दुसरी जिओफॅब्रिकची, हाताला घोंगडीसारखी लागणारी. हिच्या अख्ख्या अंगातून पाणी पाझरतं आणि हवा आत जाते. आमच्याकडं सगळ्या दुसऱ्या जातीच्या होत्या.

या कापडाचं खरं कौतुक मुळांसाठी. कुंडीत मूळ भिंतीला धडकलं की वळतं आणि गोल गोल फिरत राहतं. दोन वर्षांनी झाड उपटून बघा, कुंडीच्या आकाराचा काथ्याच हातात येतो. कापडी बॅगेत मूळ कडेला पोचलं की त्याला बाहेरची हवा लागते, टोक सुकतं आणि मागच्या अंगानं नवे फुटवे येतात. बॅगेत मग बारीक मुळांचं दाट जाळं होतं आणि झाड खातंपितं चांगलं. याला एक अट आहे. ती विकणारा सांगत नाही आणि आम्हालाही जूनपर्यंत सुचली नव्हती. अट अशी की हवा लागली पाहिजे.

मापं तीन होती. १८ बाय १८ इंची ८ बॅगा, १५ बाय १२ च्या १६ आणि १२ बाय १२ च्या १४. काठोकाठ धरलं तर पहिलीत ७५ लिटर मावतात, दुसरीत ३५, तिसरीत २२. लहान दोन्हींत भाजी. मोठ्यांत कागदी लिंबू, डाळिंब, पेरू आणि आप्पांचं अंजीर. आप्पा मूळचे सासवडचे. अंजिराची काडी त्यांनी गावाहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे ते चहा घेताना एकदा तरी सांगतातच.

मातीवरून दोघांचं पटलं नाही. काकूंनी कोकोपीट (नारळाचा भुसा), सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट आणि थोडी माती असं मिश्रण केलं. कोकोपीटची ५ किलोची वीट भिजवली की ६०-७० लिटर फुलते. ती त्या दोन पाण्यांतून धुऊन घेत, कारण नारळाच्या भुशात खार असतो. आप्पा म्हणाले, "भुश्यात कसली शेती?" आणि नर्सरीतून लाल मातीची पोती चढवली. पोती चढवताना वॉचमननं घातलेल्या शिव्या मी जिन्यात ऐकल्या आहेत.

थंडी छान गेली. मेथी, मुळा, मिरच्या, वांगी, आणि फेब्रुवारीत टोमॅटो इतके की २० घरांत वाटावे लागले. ताईंकडंही गेले. हे आप्पांनी सभेत काढायला नको होतं, पण काढलं.

एप्रिलमधली सूचना

कापडी बॅगेला पाणी आवरत नाही, याची पहिली खूण उन्हाळ्यातच मिळाली होती. आम्ही ती वेगळ्याच खात्यात टाकली.

एप्रिलमध्ये काकूंच्या टोमॅटोला बुडाशी काळे, चामड्यासारखे डाग पडायला लागले. वरून फळ लालबुंद, उलटं केलं की बूड बसलेलं. काकूंना वाटलं कीड आहे, म्हणून आठवडाभर निंबोळी अर्क मारला. कीड नव्हतीच. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचला नाही की असं होतं, आणि तो पोचतो पाण्याबरोबर. मग पाणी कमी पडत होतं का? काकू तर दोन वेळा घालत होत्या, आणि खालून वाहताना दिसेपर्यंत घालत होत्या.

मी एका बॅगेत बोट घातलं. वरचं पेरभर ओलं. त्याखाली दुसऱ्या पेरापासून कोरडी, तपकिरी भुकटी. वाळलेलं कोकोपीट आक्रसतं, कापडापासून सुटतं आणि पाण्याला आत घेतच नाही. काकूंचा तांब्या त्या फटीतून सरळ खाली, मोझॅकवर. बॅग बाहेरून ओलीचिंब, खाली ओघळ, आत दुष्काळ. कापडाच्या बाहेरच्या अंगावर पांढरट खार साचला होता. आतलं पाणी कडेनं उडून जात होतं आणि मागं मीठ ठेवत होतं.

उपाय साधा निघाला. आधी अर्धा तांब्या, पंधरा मिनिटं थांबायचं, मग उरलेलं. वर वाळक्या पानांचं आच्छादन. बॅगा एकमेकींना खेटून, म्हणजे उन्हाला तोंड कमी. तीन आठवड्यांनी धरलेली फळं नीट आली. पण तोपर्यंत मुंबईच्या रात्री तापल्या होत्या आणि टोमॅटोला फळ धरेना. टोमॅटो इथं थंडीतच लावावा, उन्हाळ्यात हट्ट करू नये.

त्या वेळी आम्ही झाडाचा प्रश्न सोडवला. बॅगेतून निसटलेलं पाणी पुढं कुठं जातं, हे कुणी विचारलं नाही.

सभा

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ओल आली आणि तातडीची सभा भरली. आरोप तीन होते: मुळांनी स्लॅब फोडला, रोजच्या पाण्यानं गच्ची कुजली आणि वजनानं तडा गेला. ताईंचं वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहिलं. "आप्पा, तुमची वांगी तुम्हाला लखलाभ. मला माझं छत परत द्या." बॅगा आठ दिवसांत हटवाव्यात अशी नोटीस लिहायलाही घेतली होती.

मी पंधरा दिवस मागून घेतले. रोजच्या पाण्याचा आरोप हिशेबात बसत नव्हता. काकू आणि आप्पा मिळून भर उन्हाळ्यात रोज आठ बादल्या घालत, म्हणजे १२० लिटर. आमची गच्ची साधारण २०० चौरस मीटरची. १ मिमी पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर, म्हणजे १०० मिमीच्या दिवशी त्याच गच्चीवर २०,००० लिटर, दहा हजारी दोन टँकर. सांताक्रूझच्या हवामान केंद्रात एकट्या जुलैची सरासरी ८०० मिमीच्या वर आहे. आठ बादल्यांनी गच्ची कुजायची असती तर पावसानं ती पहिल्याच वर्षी नेली असती. शिवाय एप्रिल-मेमध्ये बॅगांखाली रोज ओघळ असताना ४०३चं छत ठणठणीत कोरडं होतं.

गच्चीवर काय सापडलं

ओल कुठं आहे हे खालून मोजायचं असतं. मी ताईंच्या खोलीत टेप लावून दोन भिंतींपासूनची अंतरं घेतली आणि तीच वर मांडली. जागा आली आग्नेय कोपऱ्यात, कठड्याला लागून. सगळ्यांत जवळची बॅग तिथून ११ फुटांवर. त्या कोपऱ्यात मात्र पावसाच्या पाइपाचं तोंड आहे, आणि आदल्या रात्रीच्या पावसाचं पाणी अजून घोट्याएवढं उभं होतं.

जाळी काढून पाइपात कोपरापर्यंत हात घातला. आधी पानं आली. मग नारळाचे केस, एकमेकांत गुंतून चटई झालेले. त्याखाली लोण्यासारखा मऊ लाल गाळ. तो तीन मुठी बाहेर काढला तशी पाइपानं मोठी ढेकर दिली आणि कोपऱ्यातलं पाणी भोवरा करून खाली गेलं.

पाणी ओसरल्यावर खरी जागा उघडी पडली. कोबा आणि कठडा यांच्या सांध्यात गोलाई देऊन गिलावा करतात, गवंडी त्याला वाटा म्हणतात. आमचा वाटा तिथं चारेक फूट लांब सुटला होता. नखानं उचकटला तर पापुद्रा हातात आला. तडा जुना, आत शेवाळ काळं पडलेलं. ही भेग बॅगा यायच्या कितीतरी आधीची. एरवी ढाळावरून आलेलं पाणी तिच्याखालून पाइपात निघून जायचं. तोंड तुंबलं, पाणी चार बोटं चढलं आणि पहिल्यांदाच भेगेच्या वर गेलं.

हे नुसतं सांगून सभेला पटलं नसतं, म्हणून जुलैच्या सुरुवातीला पावसानं चार दिवस उघडीप दिली तेव्हा चाचणी घेतली. बॅगांखालच्या जागेभोवती वाळू-सिमेंटचा दोन इंची बांध घालून पाणी साठवलं. ४८ तासांनी खालची छतं कोरडी. मग तसाच बांध कोपऱ्यात. सकाळी नऊला पाणी भरलं, संध्याकाळी सातला ताईंनी हाक मारली. ओलीला धार आली होती.

चाचणीसाठी बॅगा हलवाव्या लागल्या, आणि तिथं आप्पांची बाजू लंगडी पडली. बाकीच्या बॅगा उचलल्या गेल्या. अंजिराची हलेना. चौघांनी कान धरून ओढली तेव्हा चर्रकन आवाज आला. खाली बघतो तर तळाच्या कापडातून दाभणाएवढी जाड मुळं बाहेर आलेली, काळ्या चिखलाच्या थरात चपटी होऊन पसरलेली. सगळ्यांत लांब मूळ दोन फुटांचं. ते मोझॅकच्या तुकड्यांमधल्या सांध्यांत शिरलं होतं. ओढलं तर त्याच्याबरोबर मोझॅकचे तीन तुकडे सुटून आले, दात पडावा तसे. आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी ते तुकडे उचलून खिशात ठेवले.

स्लॅब मुळांनी फोडला नव्हता. कोब्याचा जाड थर मध्ये आहे. पण वाट सापडली होती, हेही तितकंच खरं, आणि अंजीर हे काही मेथीचं रोप नव्हे.

आता ती अट. कडेला हवा लागते म्हणून कडेचं मूळ थांबतं. पण फरशीवर टेकलेल्या बॅगेच्या तळाला हवा कुठली? तिथं बाराही महिने ओल आणि काळोख, म्हणजे मुळाच्या दृष्टीनं जमीनच. ते कापडातून सरळ पुढं जातं. त्याच टेकलेल्या तळाखाली गाळ साचतो, झाडूला तिथं शिरता येत नाही आणि पावसाचा पहिला लोट तो सगळा पाइपाच्या तोंडाशी नेऊन घालतो. झाडाची आणि छताची, दोन्ही दुखणी त्या न दिसणाऱ्या तळाशीच होती. बॅग चार-सहा इंच उचलली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मग काय केलं

खर्चाचा वाद मला वाटला होता तेवढा झाला नाही. गच्ची सामाईक, आणि तिथून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेनं करायची, हे उपविधींत स्पष्ट आहे. वाटा खरवडून नव्यानं भरला आणि ताईंच्या छताचा रंगही संस्थेच्या पैशातून झाला. रंग मात्र नोव्हेंबरपर्यंत थांबवला. ओला गिलावा रंगवला की पुन्हा फुगतो, आणि ताईंना हे पटवायला मला तीन फेऱ्या पडल्या. पाइपाचं तोंड आणि बॅगांखालची सफाई काकू-आप्पांच्या गळ्यात.

लहान बॅगांना भाजीवाल्यांचे जुने क्रेट उलटे करून दिले. दोनेक वर्षांत उन्हानं तडकतील, पण स्वस्त आहेत. मोठ्यांना लोखंडी अँगलचे स्टँड, पायांना रबरी बूट. बूट नसतील तर सगळं वजन चार टोकांवर येऊन मोझॅक चिरतं आणि गंजाचे डाग उतरतात ते वेगळेच. पाइपाच्या तोंडावर घुमटाची जाळी, तिच्याभोवती शेडनेटमध्ये बांधलेली खडी. नारळाचे केस आता तिथंच अडकतात.

वजनाचा आरोप मी हसण्यावारी नेला नाही. आमची इमारत ३० वर्षांवरची. महापालिका कायद्याच्या ३५३-ब कलमाखाली तिचं स्थैर्य प्रमाणपत्र घ्यावंच लागतं, त्यामुळं इंजिनिअर येणार होतेच. त्याआधी आम्ही १२ इंची दोन बॅगा पावसात भिजवून वजनकाट्यावर ठेवल्या. काकूंची २१ किलो, आप्पांची ३६. याच हिशेबानं लाल मातीची १८ इंची बॅग भिजल्यावर सव्वाशे किलोच्या आसपास जाते. इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक आयएस ८७५, त्याच्या दुसऱ्या भागात माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन भार धरतात, म्हणजे साधारण १५० किलो. सव्वाशे किलोच्या बॅगेनं तळ व्यापला तो जेमतेम पाव चौरस मीटरच्या आतला. तेव्हा तिच्याभोवती जागा रिकामी हवी आणि ती बीमच्या रेषेवर हवी, खोलीच्या मधोमध नको. इंजिनिअरांनी फार चर्चा न करता नेमकं हेच सांगितलं. मोठ्या बॅगा बीमवर, लहान कठड्यालगत, एकूण आकडा ४०च्या वर नाही, आणि पोत्यातली लाल माती बंद. आप्पांनी माती बदलली. एक तृतीयांश माती, बाकी कोकोपीट आणि कंपोस्ट. माती कमी झाली तसा लाल गाळही कमी झाला.

पावसाळ्यातलं पीकही बदललं. १५ इंची बॅगेच्या तोंडाचं क्षेत्रफळ ०.११ चौरस मीटर, म्हणजे १०० मिमीच्या दिवशी तिच्यातून ११ लिटर पाणी आरपार जातं, आणि जाताना खत धुऊन नेतं. जूनमध्ये एकदम भरपूर खत घालणं म्हणजे ते पाइपात ओतणं. काकू आता दर पंधरवड्याला मूठभर गांडूळखत देतात. पातळ खतं पाऊस उघडेपर्यंत बंद. लावणी पडवळ, दोडका, मायाळू, अळू आणि हळदीची. ही मंडळी पावसाला दबत नाहीत. भेंडीला त्यांनी परभणी क्रांती निवडली, कारण पानं पिवळी पाडणाऱ्या विषाणूपुढं तग धरावा म्हणूनच ती जात काढलेली आहे. मिरच्या तेवढ्या जिन्याच्या छपराखाली नेल्या.

अंजिराचं काय करायचं यावर मात्र दोन रविवार गेले. आप्पांचं म्हणणं कंपाउंडमध्ये, जमिनीखालच्या टाकीजवळ लावू. मी नाही म्हटलं. कोब्यातून वाट काढणाऱ्या झाडाला टाकीची भिंत दाखवायची म्हणजे कमाल. तसंही मुलुंडच्या पावसात त्याला तांबेरा येऊन ऑगस्टपर्यंत निम्मी पानं झडली होती. ते कोरड्या हवेचं झाड. शेवटी आप्पांचा पुतण्या टेम्पो घेऊन आला आणि अंजीर सासवडला परत गेलं. त्या बॅगेत आता लिंबाचं दुसरं झाड आहे.

ठराव या वेळी लेखी झाला. ताईंनी त्याला विरोध नोंदवला आणि तो इतिवृत्तात आहे. त्यांचं मत आजही बदललेलं नाही, आणि ओलीखाली महिनाभर झोपलेल्या माणसाकडून मी ते बदलायची अपेक्षाही करत नाही. पण ठरावातलं सगळ्यांत कामाचं कलम त्यांनीच घालायला लावलं. जून ते सप्टेंबर दर रविवारी सकाळी नऊच्या आत, जाळी काढलेल्या पाइपाच्या तोंडाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा, पाळीपाळीनं. मागच्या रविवारी पाळी आप्पांची होती आणि ते विसरले. नऊ वाजून पाच मिनिटांनी ३०१चा इंटरकॉम वाजला.